लीळाचरित्र, न्यूयॉर्कचं पुस्तक आणि ‘सार्वजनिक’ हा शब्द

मंडळी, साहित्याचा आढावा लिहायला बसलं की आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट होते. मराठी पुस्तकांतून माहिती घेतली जाते आणि परदेशी युनिव्हर्सिटी प्रेसच्या पुस्तकांतून एखादं वाक्य घेतलं जातं. माहितीला तळटीप असतेच असं नाही, वाक्याला मात्र हमखास असते. एक पुस्तक कच्चा माल होतं, दुसरं दागिना होतं. वाद मात्र दोघांपैकी कुणाशीच घातला जात नाही. आणि वाद नसेल तर ते प्रकरण आढावा राहत नाही, नुसती यादी होते.

म्हणून आज एका पुस्तकाशी थोडा वाद घालू. पुस्तक नवंकोरं नाही, पण त्याचा विषय सध्या पुन्हा पुढे आला आहे. क्रिस्चन ली नोव्हेट्झकी यांचं ‘द क्वोटिडियन रेव्होल्यूशन’ कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेसने २०१६ साली काढलं. त्यात तेराव्या शतकातला महाराष्ट्र आहे, यादवांचा काळ आहे आणि मराठीतले दोन थोर ग्रंथ आहेत, लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी. आता हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या मालेत अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेलं लीळाचरित्राचं इंग्रजी भाषांतर ‘गॉड अ‍ॅट प्ले’ या नावाने येऊ लागलं आहे. म्हणजे सिद्धान्त आधी आला आणि मूळ ग्रंथ जगाच्या वाचकापुढे नंतर आला. हा उलटा क्रम आपल्या कामाचा आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

प्रेसचा शिक्का म्हणजे काय

आधी एक गैरसमज दूर करू. युनिव्हर्सिटी प्रेसचं पुस्तक म्हणजे सिद्ध झालेलं सत्य, असं अनेकांना वाटतं. हस्तलिखित आलं की प्रेस ते साधारणपणे त्या विषयातल्या दोनेक जाणकारांकडे पाठवते. ते अहवाल लिहितात, लेखक उत्तर देतो, दुरुस्त्या होतात, मग विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं मंडळ मंजुरी देतं. ही गाळणी चांगली आहे. पण ती फक्त एवढंच सांगते की हा दावा गंभीर आहे आणि यावर चर्चा करणं वेळेचा अपव्यय ठरणार नाही. दावा बरोबर आहे असं ती सांगत नाही. ते ठरवायचं काम पुस्तक बाजारात आल्यावर सुरू होतं, आणि ते वाचकांनी करायचं असतं. म्हणजे तुम्ही आणि मी.

दुसरी गोष्ट. असं पुस्तक कुणाशी तरी आधीपासून चालू असलेल्या वादात भाग घेत असतं. तो प्रतिपक्ष सापडल्याशिवाय पुस्तक कळत नाही. नोव्हेट्झकींच्या समोर बसलेले प्रतिपक्षी आहेत शेल्डन पोलॉक. त्यांचा ‘द लँग्वेज ऑफ द गॉड्स इन द वर्ल्ड ऑफ मेन’ हा ग्रंथ युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसने २००६ साली काढला. पोलॉक यांचं म्हणणं थोडक्यात असं: संस्कृत ही हजार वर्षं साऱ्या उपखंडाची आणि त्यापलीकडची साहित्यभाषा होती, आणि देशी भाषा तिच्या जागी आल्या त्या राजदरबारामुळे. त्यांचं सगळ्यात भक्कम उदाहरण कन्नडचं आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात ‘कविराजमार्ग’ तयार झाला. सत्तेला आपली भाषा हवी होती, कवींनी ती घडवली. भक्तीने देशी भाषांना जन्म दिला ही आपली आवडती कथा पोलॉक यांना मान्य नाही.

नोव्हेट्झकी म्हणतात, मराठीचं गणित असं सुटत नाही.

दावा काय आहे

यादवांचा दरबार संस्कृतवर पैसा खर्च करत होता. मंत्री हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ संस्कृतात आहे. मराठीतलं साहित्य त्या दरबाराबाहेर उभं राहिलं, चक्रधरांच्या अनुयायांत आणि ज्ञानदेवांच्या श्रोत्यांत. नोव्हेट्झकींच्या मते या बदलाचं इंजिन होतं रोजचं जगणं. बाया, शूद्र, शेतकरी, भिक्षा मागत फिरणारे लोक, त्यांचं बोलणं, जेवणखाण, भांडणं हे सगळं पहिल्यांदा लिहिण्याच्या लायकीचं ठरलं. ‘क्वोटिडियन’ म्हणजे रोजचं, साधं. त्या साध्याने केलेली क्रांती. आणि यातून एक प्रारंभीचं सार्वजनिक क्षेत्र तयार होऊ लागलं, असा पुढचा दावा आहे. सार्वजनिक क्षेत्र ही संकल्पना म्हटली की युर्गन हाबरमास आठवतात. त्यांनी १९६२ साली ती अठराव्या शतकातल्या युरोपच्या संदर्भात मांडली. तिला पाच शतकं मागे आणि गोदावरीकाठी आणणं हे धाडस आहे.

पुस्तकाची ताकद कुठे आहे, ते आधी मान्य करायला हवं. टीका म्हणजे फक्त खोड काढणं नव्हे.

एक, शिलालेखांचा पुरावा. खानदेशात पाटण इथे तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाचा तो लेख आहे. त्यात स्तुती संस्कृतात आहे, आणि मठाला कुणी काय कर द्यायचा तो तपशील मराठीत आहे. गौरव एका भाषेत, हिशेब दुसऱ्या भाषेत! गधेगाळ बघा. दान मोडणाऱ्याला दिलेली ती अश्लील शिवी दगडावर कोरली जाते ती सगळ्यांना कळावी म्हणूनच. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र आहेच. पोलॉक म्हणतील, हे दस्तऐवज आहेत, साहित्य नव्हे. फरक बरोबर आहे. पण साहित्य ज्या भाषेतून उगवलं ती आधीच कामाची, हुकमाची, शिवीची भाषा झाली होती, हेही त्यातून कळतं.

दोन, लेखकाने रोमँटिक होणं टाळलं आहे. ज्ञानदेव आले आणि जात गेली असं ते कुठेही म्हणत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी वेदाला कृपण म्हटलं आहे, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. गीतेने ती उणीव भरून काढली असं ज्ञानदेव सांगतात. नोव्हेट्झकी याला ऐकण्यातली समता म्हणतात. ऐकण्याचा हक्क सगळ्यांना, पण बसण्याच्या, जेवणाच्या, लग्नाच्या व्यवहारात काहीही न बदलता. समतेची ही नेमकी मर्यादा दाखवणं हे या पुस्तकाचं माझ्या मते सगळ्यात चांगलं काम आहे. आपल्याकडे संतांवर बोलताना दोनच सूर लागतात, एक आरतीचा आणि एक आरोपाचा. इथे तिसरा सूर सापडतो.

आता सांधे तपासू

कुठलाही मोठा दावा काही सांध्यांवर उभा असतो. पुस्तक वाचताना भिंतीचा रंग बघू नका, सांधे बघा. इथे मला तीन दिसतात.

पहिला सांधा ग्रंथाच्या वयाचा. लीळाचरित्र म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली सिद्ध केलं असं आपण परीक्षेत लिहितो. चक्रधरांच्या मागे राहिलेल्या माणसांकडून, मुख्यतः नागदेवाचार्यांकडून, त्यांनी आठवणी गोळा केल्या. मराठीतलं पहिलं फिल्डवर्क म्हणा हवं तर. पण परंपराच सांगते की मूळ पोथी उत्तरेकडून आलेल्या फौजांच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा करावा लागला. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ आहेत, लीळांची संख्याही पोथीगणिक बदलते. ज्ञानेश्वरीचंही तसंच. ती १२९० ची, पण आपल्या हातात येते ती बऱ्याच अंशी एकनाथांनी १५८४ साली शुद्ध केलेल्या पाठाच्या वाटेने. मग लीळाचरित्रातला एखादा संवाद तेराव्या शतकातल्या रस्त्यावरचं बोलणं म्हणून वापरायचा असेल, तर आधी विचारावं लागेल, हा संवाद कुठल्या पाठात आहे आणि कुठल्यात नाही? नोव्हेट्झकींचं पुस्तक सामाजिक सिद्धान्ताकडे जितक्या वेगाने जातं तितका वेळ या प्रश्नावर थांबत नाही.

पण इथे एक गंमत आहे, ती नीट बघा. हा सांधा जिथे कमकुवत आहे तिथेच तो पुस्तकाच्या बाजूने साक्षही देतो. परंपरेनुसार लीळाचरित्राच्या पुनर्रचनेत ज्यांच्या स्मरणाचा आधार घेतला गेला त्यांत हिराइसा नावाची एक स्त्री आहे. तिच्या नावाचा पाठ ओळखला जातो. म्हणजे तेराव्या शतकाचा पुरावा म्हणून ग्रंथ थोडा डळमळतो, पण ज्ञान कुणाच्या तोंडी राहिलं या प्रश्नावर तो आणखी बोलका होतो. एका बाईच्या आठवणीवर मराठीतला पहिला गद्यग्रंथ तगला असेल, तर रोजच्या जगण्याची क्रांती ग्रंथाच्या आशयात शोधण्याइतकीच त्याच्या जतनात शोधायला हवी. हे काम अजून करण्यासारखं आहे.

दुसरा सांधा ‘सार्वजनिक’ या शब्दाचा. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशोबासांना नागदेवांनी अडवलं, कारण संस्कृत लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. हा प्रसंग स्मृतिस्थळात आहे आणि तो भाषेच्या लोकशाहीचं उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. पण जरा थांबा. नागदेवांना कोणत्या बायांची काळजी आहे? पंथातल्या. गावच्या सगळ्या बायांची नव्हे. आणि पुढे काय झालं? चौदाव्या शतकात महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. भाषा मराठीच, सगळ्यांना कळणारी. अक्षरं मात्र फक्त दीक्षितांना कळणारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे बाकीच्या मराठी माणसाला आपल्या भाषेतलं हे सगळ्यात जुनं गद्य दिसलं.

म्हणजे साधारण पाचशे-साडेपाचशे वर्षं हा ग्रंथ मराठीत होता आणि मराठी समाजापुढे नव्हता. याला सार्वजनिक म्हणायचं का? नोव्हेट्झकींचा भर तेराव्या शतकातल्या उघडण्यावर आहे, त्यामुळे नंतरच्या मिटण्याला युक्तिवादात हवं तेवढं वजन मिळत नाही, असं माझं मत आहे. भाषा सोपी झाली म्हणजे दार उघडलं असं नसतं. दाराला लिपीचं कुलूप लावता येतं, दीक्षेचं लावता येतं, किमतीचं लावता येतं. महानुभावांनी हे का केलं याची कारणं त्यांच्या बाजूनेही समजून घ्यायला हवीत. छळाची आठवण असलेला पंथ आपला ठेवा झाकून ठेवतो, यात विशेष ते काय? पण मग आपल्याला ‘सार्वजनिक’ ऐवजी दुसरा शब्द लागेल. पंथापुरतं खुलं आणि जगापुरतं बंद असलेलं जे काही असतं, त्याला काय म्हणायचं? हा शब्द मराठीत घडवता आला तर तो तुमच्या प्रबंधाचा कणा होऊ शकतो.

तिसरा सांधा बोलणाऱ्याचा. रोजचं जगणं ग्रंथात आलं हे खरं, पण ते कुणी लिहिलं? म्हाइंभट विद्वान ब्राह्मण, ज्ञानदेव ब्राह्मण कुळातले पण बहिष्कृत. साध्या माणसाबद्दल लिहिणं आणि साध्या माणसाने लिहिणं यांत अंतर आहे, आणि लेखकालाही ते ठाऊक आहे. मात्र महदाइसेचे ‘धवळे’ त्याच काळातले, त्याच पंथातले, आणि एका स्त्रीने रचलेले. सबंध युक्तिवादाचा तोल त्यांच्याकडे झुकवून पाहिला असता तर चित्र कसं दिसलं असतं? मुख्य दोन ग्रंथ निवडले की बाकीचे साक्षीदार आपोआप मागच्या बाकावर जातात. कुठल्याही अभ्यासात हे होतं. कोण मागे बसलंय ते मोजायची सवय लावून घ्या.

नवं भाषांतर आल्याने काय बदललं

आता हार्वर्डच्या पुस्तकाकडे. मूर्ती मालेची रचना अशी असते की डाव्या पानावर मूळ मजकूर मूळ लिपीत आणि समोर उजव्या पानावर इंग्रजी भाषांतर. रोहन मूर्ती यांच्या देणगीतून ही माला उभी राहिली आणि २०१५ च्या जानेवारीत तिची पहिली पाच पुस्तकं आली. तिचे संस्थापक मुख्य संपादक पोलॉक, म्हणजे वर ज्यांच्याशी नोव्हेट्झकी भांडत आहेत तेच. विद्वत्तेच्या जगात भांडण असं चालतं, एकमेकांच्या कामाचा पाया वापरत.

फेल्डहाउस यांनी आयुष्यातली काही दशकं महानुभाव ग्रंथांना दिली आहेत. शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर त्यांनी जुन्या मराठीचा कोश केला आणि स्मृतिस्थळाचं भाषांतर केलं. त्यामुळे हे भाषांतर म्हणजे एका लांब सोबतीचं फळ आहे. तुळपुळ्यांच्या आधी ह. ना. नेने आणि नंतर वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राचं संपादन केलं. कोलत्यांच्या आवृत्तीवर पंथातून हरकती आल्या आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. हे सगळे हात त्या डाव्या पानामागे आहेत. तळटीप देताना डावं पान विसरू नका.

फायदा काय, तर आता नोव्हेट्झकींचा दावा तपासायला जुन्या मराठीचा पंडित असण्याची वाट बघावी लागत नाही. जर्मनीतला किंवा तामिळनाडूतला विद्यार्थीही तपासू शकतो. आणि इथेच आपल्यासाठी धोक्याची घंटा आहे. ज्या कामात मराठी विद्यार्थ्याला जन्मजात थोडी सोय होती, ती सोय आता कमी होत जाणार. मराठी येतं एवढ्या भांडवलावर यापुढे भागणार नाही. पोथी वाचता येणं, पाठ ताडून बघणं, आणि सिद्धान्ताशी त्याच्या भाषेत बोलणं, तिन्ही लागेल.

कुणी म्हणेल, लोकभाषेच्या क्रांतीवर लिहायचं आणि तेही न्यूयॉर्कहून इंग्रजीत, हा विरोधाभासच की. टोमणा चांगला आहे, पण तो फार लांब जात नाही. तुळपुळ्यांनीही अभिजात मराठी साहित्याचा आपला इतिहास इंग्रजीत लिहिला आणि तो १९७९ साली जर्मनीतून निघाला. प्रश्न पुस्तक कुठल्या भाषेत निघालं हा नाहीच. त्याला मराठीतून तपशीलवार, पुराव्यानिशी उत्तर किती मिळालं, हा आहे. पानभर परिचय लिहून ‘संग्राह्य ग्रंथ’ म्हणणं म्हणजे उत्तर नव्हे. आणि ‘परदेशी माणसाला आपले संत काय कळणार’ हेही उत्तर नव्हे. चौकशी न करता दिलेला मान आणि चौकशी न करता केलेला संशय, दोन्हींत कष्ट वाचतात. संशोधकाला दोन्ही परवडत नाहीत.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

आता कामाचं. पेट झाली, समितीपुढे विषय मांडायचा आहे, आणि तुमच्या विषयावर असं एखादं भारदस्त पुस्तक आहे. घाबरू नका. प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण आधी वाचा, आणि दावा एका वाक्यात मराठीत लिहून काढा. मराठीत लिहिताच निम्मं धुकं उतरतं, कारण ‘पब्लिक’ या शब्दाला मराठी शब्द शोधताना तुम्हाला ठरवावंच लागतं की तो सार्वजनिक आहे, सामुदायिक आहे की पंथीय. मग प्रतिपक्ष शोधा. मग दावा ज्या दोन-तीन पुराव्यांवर उभा आहे त्यांतला एक निवडा आणि फक्त तेवढाच मुळापर्यंत तपासा. सगळं पुस्तक पाडायला जाऊ नका, एका विटेचं वजन करा. पुस्तक महाग असेल तर आंतरग्रंथालय सेवेतून मागवा. ग्रंथपाल मंडळींना असे अर्ज क्वचितच येतात, ते बहुधा मनापासून मदत करतात.

वरच्या चर्चेतून निघणारा एक विषय नमुना म्हणून घ्या: लीळाचरित्राच्या उपलब्ध पाठांमध्ये स्त्रियांचे संवाद कुठे वाढतात आणि कुठे गळतात? प्रश्न छोटा आहे, तीन-चार वर्षांत होण्यासारखा आहे, आणि त्याचं उत्तर काहीही आलं तरी नोव्हेट्झकींच्या दाव्यावर त्याचा परिणाम होईल. स्त्रियांचे संवाद जुन्या पाठांत भरघोस असतील तर दावा पक्का होतो. ते नंतर वाढले असतील तर क्रांतीची तारीख पुढे सरकते. ते गळत गेले असतील तर ती क्रांती कुणीतरी मागे घेतली, असं म्हणावं लागेल. तीनही उत्तरं छापण्यासारखी आहेत.

हे पुस्तक वाचावं का? जरूर वाचावं. पहिल्या काही पानांतला सिद्धान्ताचा चढ जरा दमवतो, पण यादव काळ, शिलालेख आणि लीळाचरित्रावरची प्रकरणं वाचताना आपल्याच भाषेकडे नव्याने बघायला होतं. फक्त त्यातलं एक वाक्य उचलून आपल्या प्रकरणाच्या कपाळावर टिकली म्हणून लावू नका. म्हाइंभटांनी ऐकलेलं लगेच लिहून टाकलं नाही. त्यांनी माणसं गाठली, पुन्हा विचारलं, एकाचं दुसऱ्याशी ताडून पाहिलं. मराठी गद्याची सुरुवात अशी चौकशीने झाली आहे.